इन्सुलिन चुकलं, एचआरची नोटीस आली: आता नोंदणी जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन दोन वर्षं झालेली एक सिस्टर मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला होती. 22 पेशंट, ती एकटी, सोबतीला एक मावशी. काटोलकडच्या एका काकांना जेवणाआधी 20 युनिट साधं इन्सुलिन द्यायचं होतं, गेलं 50. साडेदहाला काका घामाने ओलेचिंब, शुगर 38. तिने आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) बोलावलं, 25 टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन दिलं, काका सावरले. पहाटेपर्यंत ती दर तासाला शुगर बघत राहिली. आता इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "पेशंट नीट जेवला नाही म्हणून शुगर उतरली, असं फाइलमध्ये लिही." एचआरने कारणे दाखवा नोटीस दिली आहे, टाइप केलेल्या माफीनाम्यावर सही मागितली आहे आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलला कळवून रजिस्ट्रेशन रद्द करू अशी धमकी दिली आहे. तिची मूळ प्रमाणपत्रं नोकरीला लागल्यापासून त्यांच्याच कपाटात आहेत. सही करू का, आणि नोंदणी जाईल का, असं तिने विचारलं आहे.

तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. मी नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, नर्सिंग शिकले, पुढे 30 वर्षांहून जास्त वॉर्डात काढली, शेवटची काही मेट्रन म्हणून. औषधाच्या चुकांच्या चौकशीला टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे.

माफीनाम्यावर सही करू नकोस. या एका प्रसंगावरून नोंदणी जाईल असं मला वाटत नाही. पण इन्चार्ज सांगतात ते खोटं तू फाइलमध्ये लिहिलंस, तर मात्र तुझ्या नोंदणीची मला खरी काळजी वाटेल.

तू लिहितेस, "मी 20 च्या रेघेपर्यंतच भरलं होतं, मग 50 कसे गेले तेच कळत नाही." हे आधी नीट समजून घे, कारण उद्या कुणीही विचारलं तर तुला हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल (बाटली) दोन ताकदींची मिळते: 1 मिलीमध्ये 40 युनिट, नाहीतर 1 मिलीमध्ये 100 युनिट. सिरिंजही तशाच दोन, लाल टोपणाची 40 साठी आणि केशरी टोपणाची 100 साठी. लाल सिरिंजवर 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिली. 40 च्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे 20 युनिट, 100 च्या व्हायलमधला अर्धा मिली म्हणजे 50. तुझ्याच सांगण्याप्रमाणे वॉर्डात नेहमी 40 ची व्हायल असायची, त्या दिवशी स्टोअरने 100 ची पाठवली आणि वॉर्डाला कुणी कळवलं नाही. फ्रिजमध्ये दोन्ही व्हायली एकाच किडनी ट्रेमध्ये. लाल टोपण काढून टाकल्यावर हातात उरते ती बारीक अक्षरांची नळी, आणि रात्री वॉर्डातले अर्धे दिवे मालवलेले.

तू व्हायलवरचा आकडा वाचायला हवा होतास. ते चुकलंच, आणि ते तू कबूल करायचं आहेस. पण त्या ट्रेमध्ये तुझ्याआधी आणखी तीन-चार जणांची चूक पडून होती, तीही लिहिली गेली पाहिजे.

हीच चूक उलटी झाली असती, 40 ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर काकांना फक्त 8 युनिट गेले असते. शुगर चढीच राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. 'इन्सुलिन लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवत नेलेले पेशंट मी पाहिले आहेत. एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज हाती येते आणि तो वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण जातो.

आता नोंदणीचं. एचआरला ती रद्द करता येत नाही. रुग्णालय फार तर नोकरीवरून काढेल किंवा तक्रार करेल. राज्याच्या नोंदवहीतून नाव काढायचा अधिकार 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने कौन्सिलकडे दिला, आणि तिलाही आधी चौकशी करावी लागते, तुझं म्हणणं ऐकावं लागतं. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला, 1947 च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्यातही वाट तीच आहे: गैरवर्तनाची तक्रार, चौकशी, सुनावणी, मग निर्णय. एचआरच्या टेबलावरून उठलेलं पत्र म्हणजे कौन्सिलचा निकाल नव्हे. हां, एक गोष्ट मात्र आजच तपास: तुझ्या नोंदणीचं नूतनीकरण चालू आहे ना? दर 5 वर्षांनी ते करावं लागतं. तक्रार आल्यावर कागद काढायला जावं आणि नोंदणीची मुदत कधीच संपली आहे असं कळावं, हे मी दोनदा पाहिलं. मग मूळ चूक बाजूलाच राहते.

फाइलमध्ये तू उपचार लिहिलेस, पण इन्सुलिनपुढे 20 युनिटच ठेवलेस. ते दुरुस्त कर. व्हाइटनर नको, पान फाडायचं नाही, जुन्या ओळीत आकडा घुसडायचा नाही. खाली 'उशिरा केलेली नोंद' असं लिही, आजची तारीख आणि वेळ टाक, आणि घडलं तेवढंच लिही. साधारण असं: "रात्री 8.05 वाजता बेड 14 च्या पेशंटला साधं इन्सुलिन 20 युनिट देण्याचा आदेश होता. 100 युनिट प्रति मिली व्हायलमधून, 40 च्या सिरिंजने, 20 च्या रेघेपर्यंत काढून त्वचेखाली दिलं. प्रत्यक्ष मात्रा 50 युनिट. 10.30 ला घाम, थरथर, शुगर 38. 10.32 ला आरएमओंना फोन. 10.35 ला त्यांच्या आदेशाने 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून. 10.50 ला शुगर 142. पहाटे 5 पर्यंत दर तासाला तपासणी." वेळा तुझ्या खऱ्या घाल. यात 'चुकून', 'घाईत', 'स्टोअरच्या बेजबाबदारपणामुळे' असले शब्द नकोत. व्हायल कुठून आली, ट्रेमध्ये काय होतं, वॉर्डात किती पेशंट होते, हे वेगळ्या इन्सिडेंट फॉर्मवर लिही. रुग्णालय एनएबीएच मानांकनाचं (रुग्णालयांच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) असेल तर औषधाच्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या चुका नोंदवून त्यांचा अभ्यास करणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे. फॉर्म नाही असं ते म्हणू शकत नाहीत. साधं नर्सिंग होम असेल तर कोऱ्या कागदावर लिही, मेट्रनकडे दे आणि पोच घे. पेशंटच्या फाइलचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवू नकोस. तो गोपनीयतेचा भंग होतो आणि फुकटचं दुसरं प्रकरण उभं राहतं. तुझ्या स्वतःच्या उत्तराची प्रत मात्र जपून ठेव.

लिहिण्यावर मी इतका जोर का देते, ते सांगते. 1997 च्या पावसाळ्यात मी शहरातल्याच एका खासगी रुग्णालयात होते. सेफ्ट्रिॲक्झोन या अँटिबायोटिकची 1 ग्रॅमची व्हायल विरघळवायला ट्रेमधून 10 मिलीचं ॲम्प्यूल (कुपी) उचललं, फोडलं, सिरिंजमध्ये ओढलं. ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या आमच्या जुन्या ब्रदरनी (पुरुष नर्सनी) माझं मनगट धरलं. काही बोलले नाहीत, फक्त फुटलेलं ॲम्प्यूल उचलून लेबल माझ्यासमोर धरलं. पोटॅशियम क्लोराइड. त्या 10 मिलीत 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाइनमध्ये मिसळून तासन्‌तास सोडायचं औषध. तसंच्या तसं शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. स्टराइल वॉटरची आणि त्याची ॲम्प्यूलं एकाच आकाराची, एकाच खोक्यात ठेवलेली. मी सिरिंज फेकली, थरथरत्या हाताने पाणी प्यायले, ब्रदर म्हणाले, "जाऊ दे, झालं नाही ना काही." कुणालाच सांगितलं नाही. खोकं तिथेच राहिलं.

पावणेदोन महिन्यांनी त्याच वॉर्डात, त्याच ट्रॉलीवरून, दुसऱ्या सिस्टरने तेच ॲम्प्यूल उचललं. त्या वेळी मनगट धरायला कुणी नव्हतं. पेशंट गेली. कागदावर 'अचानक हृदयक्रिया बंद' आलं. ती सिस्टर महिन्याभरात नोकरी सोडून गेली आणि पुन्हा नर्सिंगमध्ये आली नाही. मी त्या दिवशी चार ओळी लिहिल्या असत्या, तर पोटॅशियम वॉर्डाच्या ट्रॉलीवरून उचललं गेलं असतं, कुलपात गेलं असतं. हे मी कितीतरी बॅचना शिकवताना सांगितलं आहे, आणि सांगताना अजून आवाज बसतो.

तू विचारशील, खरं लिहून काय मिळतं? शिक्षाच ना? हा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेतल्या राडोंडा वॉट या नर्सचं प्रकरण तू कदाचित ऐकलं असशील. डिसेंबर 2017 मध्ये नॅशव्हिलच्या एका मोठ्या रुग्णालयात 75 वर्षांच्या बाईंना तपासणीआधी गुंगीचं मिडाझोलाम द्यायचं होतं. ते तिकडे व्हर्सेड या नावाने ओळखतात. तिने औषधाच्या मशिनवर 'व्ही' आणि 'ई' ही अक्षरं टाइप केली, औषध सापडेना तेव्हा मशिनचा अडसर ओलांडला आणि वेक्युरोनियम काढलं, स्नायू लुळे पाडणारं. मिडाझोलाम तयार द्रव असतं, वेक्युरोनियम पावडर. टोपणावर धोक्याची सूचना होती. तरी तिने ते विरघळवून दिलं आणि बाईंवर लक्ष ठेवायला थांबली नाही. बाई वाचल्या नाहीत. चूक लक्षात येताच तिने ती लपवली नाही. तरी 2021 मध्ये परवाना गेला, 2022 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं आणि 3 वर्षं प्रोबेशनची शिक्षा दिली. जगभरच्या नर्सेस त्यावर हादरल्या आणि रागावल्याही, कारण खरं बोलणारी एकटी अडकली आणि रुग्णालयातल्या इतरांवर गुन्हा नाही. मलाही तो निकाल पटलेला नाही. पण तिचं प्रकरण आणि तुझं एक नव्हे. तू पेशंटजवळ होतीस, साडेदहाला ओळखलंस, पाच मिनिटांत उपचार सुरू केलेस.

आपला कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, 5 वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदणीकृत डॉक्टरांना त्यात 2 वर्षांची कमी मर्यादा आहे. ती व्याख्या डॉक्टरांपुरती आहे, आपण सिस्टर तिच्यात येत नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो. वॉर्डात शेवटचा हात आपला असतो आणि सवलतीत आपलं नाव नाही. मात्र 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कामात गुन्हा ठरण्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो, असं सांगितलं आहे. तुझे काका बरे झाले, तेव्हा हे कलम तुला लागतच नाही. भीती घालायला कुणी ते वापरलं, तर एवढं लक्षात ठेव.

चौकशीत बसताना मी स्वतः ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलची पद्धत मनात धरायचे. आपल्या कितीतरी मुली तिकडे जातात, म्हणून मला ती वाचावी लागली. तिकडे मुख्य प्रश्न 'तेव्हा काय केलं' यावर थांबत नाही. 'आज ही नर्स सुरक्षितपणे काम करू शकते का' हा विचारतात. चूक सुधारण्याजोगी आहे का, सुधारली का, पुन्हा होण्याचा संभव किती. आपल्या कायद्यात हे तीन प्रश्न असे मांडलेले नाहीत, पण कुठल्याही समंजस समितीपुढे तुझी बाजू याच तिन्हींवर उभी राहील. म्हणून उत्तराबरोबर काहीतरी दाखवण्याजोगं जोड. उच्च जोखमीच्या औषधांचं प्रशिक्षण घे: इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, नॉरॲड्रेनालिन, मॉर्फिनसारखी औषधं. पुढचे पंधरा दिवस इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच दे आणि दोघींच्या सह्या घे. 

ज्यांच्या हाती पेशंट देऊ नये अशा सिस्टर आणि ब्रदर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलंही आहे. एकजण पेशंटचं फोर्टविन (सवय लागणारं वेदनाशामक इंजेक्शन) स्वतःला टोचून घ्यायचा आणि पेशंटला पाणी द्यायचा. त्याला आधी ड्युटीवरून दूर करावं लागतं, मग व्यसनाचा उपचार. एकीने न घेतलेलं बीपी आठ दिवस फाइलमध्ये भरलं होतं, रोज 120-80. आणि लहान नर्सिंग होममध्ये कुठलंही शिक्षण न घेतलेल्या मुलींना पांढरा कोट घालून शिरेतून औषधं द्यायला लावतात, तो तर उघड गुन्हेगारी निष्काळजीपणा आहे. त्यांच्याविरुद्ध कुणी नोटीस काढत नाही. तुझी एक चूक यांच्या रांगेत बसत नाही. ते खोटं वाक्य लिहिलंस, तर त्या बीपीवालीशेजारी जाऊन बसशील.

वॉर्डात काय बदलायला हवं, हेही इन्सिडेंट फॉर्मवर माग. वॉर्डात एकच ताकद ठेवायची. दोन्ही ठेवाव्याच लागल्या तर वेगळ्या खणात, आणि सिरिंज व्हायलीबरोबर एकाच पाकिटात. युनिटसाठी इंग्रजी 'यू' लिहायचा नाही, तो शून्यासारखा दिसतो आणि 10 चे 100 होतात. फोनवरचा आदेश घेतलास तर परत वाचून दाखव, आणि आकडा सुटासुटा म्हण. मराठीत 'सात' आणि 'साठ' फोनवर एकच ऐकू येतात, मागे मॉनिटर वाजत असेल तर 'आठ'ही त्यातच जातो. 'सहा-शून्य, सर?' असं विचारायला एक सेकंद लागतो. डॉक्टर चिडले तर चिडू देत. दोन औषधांची लेबलं सारखी दिसत असतील किंवा औषधाचा विपरीत परिणाम झाला, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या क्रमांकावर सिस्टरही कळवू शकते, डॉक्टरच लागतो असं नाही.

आणि 22 पेशंटना एक सिस्टर. सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक, हे भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण आहे. ते नागपुरात कुठल्या खासगी वॉर्डात रात्री पाळलं जातं, हे मला कुणी दाखवावं. गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट सगळीकडून पेशंट इथे येतात, खाटा वाढतात, रात्रीच्या यादीतली नावं वाढत नाहीत. त्या रात्रीचा ड्युटी रोस्टर उत्तरात नमूद कर: तारीख, वेळ, पेशंटसंख्या, स्टाफसंख्या. आरोप करू नकोस, आकडे पुरेत.

नोटिशीला उत्तर दोन दिवसांत दे, स्वतःच्या शब्दांत, एका पानात. घडलेलं, तू केलेला उपचार, तुझी चूक कुठे होती, व्यवस्थेत काय होतं, आणि तू आता काय बदललंस. 'मी दिलगीर आहे' हे जरूर लिही, ते खरं आहे. पण 'यापुढील सर्व परिणामांना मी एकटी जबाबदार राहीन' असलं वाक्य त्यांच्या छापील कागदावर असतं, त्याखाली सही कधीच नको. मूळ प्रमाणपत्रांसाठी वेगळा अर्ज दे. ती तुझी मालमत्ता आहे, ओलीस ठेवायची वस्तू नाही. अर्जाची पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठव. तरीही अडवलं, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा एखाद्या वकिलाकडे जा. वकिलाच्या एका नोटिशीवर प्रमाणपत्रं बाहेर येताना मी पाहिली आहेत. इन्चार्जशी भांडू नकोस. बहुतेक त्यांनाही वरून कुणीतरी दम दिला असेल. त्यांना एवढंच सांग, "मॅडम, हे मी लिहू शकत नाही," आणि फाइल बंद कर.

राहिले काका. ते अजून भरती असतील तर त्यांना आणि घरच्यांना हे कळलं पाहिजे. एकटी जाऊ नकोस, डॉक्टर आणि इन्चार्ज सोबत हव्यात. नातेवाईक भडकतील, तोडफोड होईल, ही भीती मला ठाऊक आहे. पण माझ्या अनुभवात लोक चुकीपेक्षा लपवालपवीवर जास्त चवताळतात. साधं सांगायचं: "काका, परवा रात्री तुमची शुगर उतरली ती इन्सुलिन जास्त गेल्यामुळे. माझ्याकडून व्हायल बघण्यात चूक झाली. लगेच उपचार केला, रात्रभर तपासलं, आता धोका नाही." मग गप्प राहून ते काय म्हणतात ते ऐक. आणि डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या पिशवीतलं इन्सुलिन स्वतः बाहेर काढून बघ. डिस्चार्ज कार्डावर कुठल्या ताकदीची व्हायल लिहिली आहे, दुकानातून कुठली आणली आहे, सोबतच्या सिरिंजचं टोपण लाल आहे की केशरी. काकूंना त्या सिरिंजमध्ये रेघेपर्यंत भरून दाखवायला सांग, कारण काटोलला घरी गेल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ ते त्याच भरणार आहेत.